कुंडीतील मातीचा सामू व झाडाचे पोषण : मुंबईच्या कढीलिंबावरून घ्यावयाचा धडा

आपल्या वाचकांत असे घर विरळाच की, ज्याचे कोणी आप्त मुंबईस नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबांची एक शाखा गिरगाव, दादर, परळ किंवा लालबाग येथे रुजलेली असते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुष्कळ चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. तथापि गॅलरीत वा गच्चीवर तुळस, कढीलिंब, मिरची, लिंबू यांच्या चार कुंड्या ठेवण्याची हौस टिकून आहे. सुटीस गावी आलेला मुंबईकर परतताना तांदळाबरोबर मातीचेही एखादे पोते नेतो, आणि काही महिन्यांनी त्याचे गाऱ्हाणे येते : "माती गावची, खत भरपूर, पाणी रोजचे, तरी कढीलिंब पिवळा पडला." यावर आपण बहुधा "आणखी खत घाला" असे सांगून मोकळे होतो.

हे उत्तर पुष्कळ वेळा चुकीचे असते. झाड उपाशी दिसते याचा अर्थ मातीत अन्न नाही असा होत नाही. कणगीत धान्य असावे पण खोलीस कुलूप असावे, तशी झाडाची स्थिती असू शकते. अशा वेळी आणखी धान्य ओतून उपयोग नाही. कुलूप कशाने लागले हे पाहिले पाहिजे. ते कुलूप बहुतेक वेळा मातीच्या सामूचे असते.

ज्याची दहा एकर जमीन आहे त्याने कुंडीचा विचार का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, कुंडी हे लहानसे शेतच होय. तीत मुळांस पसरावयास जागा नसते, पावसाने व खताने होणारे फेरफार दहा किलो मातीवर एकवटतात, आणि जो बिघाड शेतात ध्यानात येण्यास अनेक वर्षे लागतात तो कुंडीत दोन हंगामांत उघडा पडतो. म्हणून आप्तांस योग्य सल्ला देता यावा आणि स्वतःच्या जमिनीविषयीही बोध व्हावा, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

मुंबईत माती कोठली?

गिरगावातील पत्ते वाचले तरी तेथे एके काळी शेती व बागाईत होती हे समजते. खेतवाडी, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही नावे त्याचीच साक्ष देतात. हल्ली तेथे मोकळी जमीन जवळजवळ उरलेली नाही. अंगणात वा इमारतीच्या कडेला जी थोडी माती सापडते, ती बहुधा जुन्या भिंतींचा चुना, विटांचा चुरा व सिमेंट यांची भर असते.

जमीन नाही म्हणून लागवड होत नाही, असे मात्र नाही. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली उघडली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव आहे. तेथे महापालिकेतर्फे भरणाऱ्या उद्यान-प्रदर्शनात कुंड्यांतील फळझाडे व भाज्या पाहावयास मिळतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग उभी केली, हे उदाहरणही प्रसिद्ध आहे. यावरून असे दिसते की, जागेची अडचण दूर करता येते. परंतु मातीची प्रकृती जाणल्याशिवाय झाड टिकत नाही.

सामू म्हणजे काय?

मातीची आम्लता अथवा विम्लता दाखविणारा जो अंक त्यास सामू म्हणतात. ही मोजपट्टी डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत असता योजिली. पट्टी साधारणतः ० ते १४ अशी आहे. ७ हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ ते २.५, ताकाचा सुमारे ४.५, शुद्ध पाण्याचा ७, आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. या पट्टीवरील एक अंक म्हणजे दहा पट फरक होय. ६ सामूच्या मातीपेक्षा ५ सामूची माती दसपट आम्ल असते व ४ ची शंभरपट. म्हणून ७.५ व ८.५ यांत 'एकाचाच तर फरक' असे समजणे बरोबर नाही.

कढीलिंब, तुळस, मिरची, लिंबू या नेहमीच्या झाडांस ६ ते ७ च्या दरम्यानचा सामू मानवतो. या मर्यादेत बहुतेक अन्नद्रव्ये मुळांस घेता येतील अशा स्वरूपात राहतात. सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांस बाधते, आणि स्फुरद हा लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधला जातो. उलट सामू ७.५ च्या वर गेला की स्फुरद चुन्याशी बांधला जातो, आणि लोह, जस्त व मंगल ही द्रव्ये दुर्मिळ होतात. लोहाविषयी तर रसायनशास्त्राचा हिशोब असा की, सामू एका अंकाने चढला की विरघळलेले फेरिक लोह हजारपटीने घटते. काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही. ज्या काळ्या पाषाणापासून ती झाली त्यात लोह विपुल असते. ते असूनही मिळत नाही, हाच काय तो प्रश्न.

कोणत्या मातीची प्रकृती कशी?

मुंबईच्या कुंड्यांत बहुधा तीन प्रकारची माती येते.

(१) कोकणातील तांबडी माती. जांभ्या दगडापासून झालेली ही माती अतिवृष्टीने धुतली गेल्याने आम्ल असते. सामू साधारण ५ ते ६.५. तीत निचरा उत्तम, पण चुना, मॅग्नेशियम व पालाश कमी. थोड्या सुधारणेने कुंडीस हीच सर्वांत सोयीची.

(२) देशावरील काळी माती. तिचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असून पुष्कळदा तीत चुनखडी असते. शेतात ओल धरून ठेवणे हा तिचा मोठा गुण. परंतु कुंडीत तोच दोष होतो. ती फुगून छिद्र बंद करते, सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून वाहून जाते.

(३) शहरातील भरावाची माती. चुना व सिमेंट यांच्या योगाने हिचा सामू ८ च्याही वर असू शकतो. ती कुंडीस अजिबात घेऊ नये.

यावरून देशावरील वाचकांस इतकेच सुचवावेसे वाटते की, मुंबईस काळ्या मातीचे पोते धाडण्याऐवजी पूर्ण कुजलेले शेणखत धाडावे. शेताच्या वरच्या थराची माती ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव आहे. ती खरवडून पोत्यात भरणे शेतास हानिकारक, आणि काळ्या मातीच्या बाबतीत कुंडीसही निरुपयोगी.

परीक्षा कशी करावी?

कुंडीच्या पृष्ठभागाखालची दोन-तीन इंचांवरील माती चार ठिकाणांहून घेऊन सावलीत सुकवावी. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवावे व सामू-कागद बुडवून रंग पट्टीशी ताडून पाहावा. प्रयोगशाळेतही माती व पाणी यांचे १ : २.५ हेच प्रमाण घेतात. तेथे यंत्राने मोजतात म्हणून अंक अधिक नेमका येतो; घरी अर्ध्या अंकाची चूक होईल हे गृहीत धरावे. मातीत नुसते टोचून अंक दाखविणाऱ्या स्वस्त यंत्रांवर फारसे विसंबू नये.

याशिवाय दोन घरगुती परीक्षा आहेत. मातीच्या कोरड्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा शिरका टाकावा. फसफसले तर मातीत चुनखडी आहे असे समजावे. दुसरी परीक्षा हळदीची. हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरोघरी कुंकू याच गुणावर करीत. सिमेंटच्या नव्या कुंडीत रात्रभर पाणी ठेवून त्याचा थेंब हळदीने रंगविलेल्या कागदावर टाकावा. कागद लाल झाला तर कुंडीतून चुना सुटत आहे. पाणी बदलीत ती आठपंधरा दिवस भिजवावी आणि रंग पालटेनासा झाला म्हणजे मगच वापरावी. मात्र हळदीचा रंग सामू साडेआठच्या आसपास गेल्याशिवाय पालटत नाही, म्हणून ७.५ व ६.५ यांतील भेद तिने कळावयाचा नाही.

सामूची दुरुस्ती

आम्ल मातीचा उपाय सोपा आहे. सामू ५.५ हून कमी असल्यास दर किलो मातीस १ ते २ ग्रॅम चुनखडीची बारीक भुकटी किंवा डोलोमाइट मिसळून माती ओलसर ठेवावी व दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावी. डोलोमाइटने मॅग्नेशियमही मिळते, म्हणून तांबड्या मातीस ते अधिक चांगले. लाकडाची राखही सामू वाढविते व पालाश देते. पण ती चिमटी-चिमटीने घालावी, आणि काळ्या वा भरावाच्या मातीत घालूच नये.

विम्ल मातीचा उपाय कठीण. गंधकाची भुकटी घातली असता सूक्ष्म जंतू तिचे हळूहळू आम्ल करितात व सामू उतरतो. चुनखडी नसलेल्या मातीत दर किलोस अर्धा ते एक ग्रॅम गंधक पुरते. परंतु चुनखडी असेल तर हिशोब निराळा. १०० भाग चुनखडी संपविण्यास ३२ भाग गंधक लागतो. दहा किलोच्या कुंडीत शेकडा ५ चुनखडी असेल तर ती अर्धा किलो झाली. ती नाहीशी करावयास १६० ग्रॅम गंधक हवा! एवढ्या गंधकाने निपजलेल्या क्षारांत झाड जगावयाचे नाही. म्हणून अशा मातीशी झुंजत न बसता कुंडी रिकामी करून माती बदलणे हेच शहाणपण. शेताची माती बदलता येत नाही. तेथे पिकाची निवड, सेंद्रिय खत व पानांवरील फवारा यांचाच आश्रय केला पाहिजे.

कढीलिंबास ताक घालावे काय?

कढीलिंबास ताक घालण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. तिला अगदीच आधार नाही असे नव्हे, पण तिचे बळ किती ते मोजून पाहावे. एक पेलाभर ताकात सुमारे एक ग्रॅम लॅक्टिक आम्ल धरले, तर ते अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक चुनखडी संपवील. वरील कुंडीत चुनखडी आहे पाचशे ग्रॅम! शिवाय हे आम्ल सूक्ष्म जंतू थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात. तेव्हा ताकाने मातीचा सामू कायमचा उतरत नाही. मुळांजवळ तेवढ्यापुरते लोह सुटते, दुधातील नत्र व स्फुरद यांचा अल्पसा लाभ होतो, आणि चांगल्या मातीतील झाड त्याने टवटवीत दिसते, इतकेच. पंधरवड्यातून एकदा पातळ ताक घालण्यास हरकत नाही. मात्र त्यात मीठ नसावे. उरलेला मठ्ठा कुंडीत ओतणे म्हणजे झाडास खारे पाणी पाजणेच होय.

लोहाची खरी टंचाई असेल तर हिराकस वापरावा. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे व पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे. चुनखडीच्या मातीत हिराकस नुसता टाकिला तर लवकरच त्याचा गंज होतो व पैसा व्यर्थ जातो. तो शेणकाल्यात आठवडाभर भिजवून दिल्यास काही अंशी टिकतो.

खताचे प्रमाण : एक चमचा म्हणजे किती?

सामू ठीक झाल्यावर खताचा प्रश्न येतो, आणि येथे हात सैल सुटतो. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटर जाडीचा थर सुमारे २२ लक्ष किलो भरतो. आता दहा किलोच्या कुंडीत कोणी ५ ग्रॅम युरिया टाकिला, तर मातीच्या वजनाच्या मानाने ते हेक्टरी ११०० किलो, म्हणजे ४५ किलोची सुमारे चोवीस पोती झाली! कोणताही शहाणा शेतकरी हे करणार नाही. पण चमच्याने टाकताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पानांच्या कडा करपतात, आणि ते उपासाचे लक्षण समजून आणखी एक चमचा पडतो.

म्हणून कुंडीत आधार सेंद्रिय खताचा ठेवावा. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले शेणखत वा गांडूळखत, आणि एक भाग काथ्याचा भुसा किंवा भाताचे तूस हे मिश्रण चांगले. काथ्याचा भुसा पुष्कळदा खारट असतो; दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा. त्यावर दहा किलोस ५० ग्रॅम निंबोळी पेंड दर तीन महिन्यांनी, व मूठ-दोन मुठी गांडूळखत दरमहा पुरेसे होते. रासायनिक खत द्यावयाचेच तर १९ : १९ : १९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम या मानाने पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीवर द्यावे. अर्धवट कुजलेला कचरा कुंडीत घालू नये. तो कुजविणारे जंतू मातीतील नत्र स्वतःकरिता ओढून घेतात व झाड तितक्या काळापुरते फिकट पडते.

गच्ची व गॅलरी यांतील भेद

एकाच इमारतीत गच्चीवरची कुंडी व गॅलरीतील कुंडी यांची दुखणी परस्परविरुद्ध असतात. मुंबईत वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गच्चीवरील कुंडीतून तो नत्र, पालाश, चुना व मॅग्नेशियम धुऊन नेतो. म्हणून तेथे माती वर्षागणिक निकस व आम्ल होत जाते. अशा कुंडीस पावसाळ्यात खत थोडे-थोडे व वारंवार द्यावे आणि दिवाळीच्या सुमारास सामू पाहून डोलोमाइट घालावे.

गॅलरीतील कुंडीवर पाऊस पडत नाही. खाली पाणी ठिबकले तर शेजाऱ्यांची तक्रार येते, म्हणून पाणीही बेताचेच घालतात. परिणामी खतातील क्षार बाहेर न जाता साचतात. मातीवर व कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसू लागतो. अशी कुंडी दोन-तीन महिन्यांतून एकदा न्हाणीघरात नेऊन तिच्या आकाराच्या दुप्पट पाणी सावकाश घालून निथळू द्यावी.

नळाच्या पाण्यास दोष देण्याचे कारण नाही. विहार (१८६०), तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) हे तलाव आणि त्यांच्यानंतर झालेली धरणे यांत साठविलेले ते पावसाचेच पाणी असून मृदु आहे. समुद्राजवळच्या विहिरीचे वा टँकरचे पाणी मात्र चव घेऊन पाहावे; मचूळ लागले तर कुंडीस घालू नये.

पानावरून दुखणे ओळखणे

नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकतात. टंचाई पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्यास देते. म्हणून लक्षण प्रथम खालच्या पानांवर दिसते. लोह तसे हलत नाही. त्याची उणीव शेंड्यावर प्रथम दिसते. एवढे तत्त्व कळले म्हणजे पुढील लक्षणे पाठ करावी लागत नाहीत.

खालची पाने सर्वत्र सारखी पिवळी : नत्राची उणीव.
खालच्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा : मॅग्नेशियमची उणीव.
खालच्या पानांच्या कडा करपलेल्या : पालाशची उणीव, किंवा मातीवर पांढरा थर असल्यास क्षारांचा अतिरेक.
वाढ खुंटलेली, पाने लहान, गडद व जांभळट : स्फुरदाची उणीव.
शेंड्याची कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या : लोहाची उणीव, येथे खत नव्हे, सामू पाहावा.

या सर्वांआधी कुंडीचे छिद्र मोकळे आहे की नाही ते काडी घालून पाहावे. पाणी तुंबल्याने मुळे गुदमरली असता ती काहीच घेऊ शकत नाहीत, आणि वरील कोणतेही लक्षण दिसू शकते.

शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध

फेब्रुवारी २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका देण्याची योजना देशात चालू झाली. ती पत्रिका हाती आल्यावर आपण बहुधा नत्र, स्फुरद व पालाश एवढेच आकडे वाचतो आणि सामू व क्षारता यांच्या ओळी ओलांडून जातो. वास्तविक त्या दोन ओळी आधी वाचावयाच्या असतात. कारण बाकीच्या आकड्यांपैकी किती भाग पिकाच्या मुखी पडेल हे त्यांवर ठरते. सामू ८.४ असलेल्या शेतात लोहाची उणीव दिसली म्हणून नुसता हिराकस टाकणे, किंवा ५.२ सामूच्या वरकस जमिनीत स्फुरदाची पोती ओतणे, हा मुंबईच्या कुंडीतील चमच्याचाच मोठा अवतार होय. फरक इतकाच की, कुंडीत एक झाड जाते व शेतात वर्षाचा खर्च जातो.

म्हणून यापुढे मुंबईहून कढीलिंबाचे गाऱ्हाणे आले तर "आणखी खत घाला" असे न सांगता चार प्रश्न विचारावे : छिद्र मोकळे आहे काय? माती कोठली? पिवळेपणा शेंड्यास की बुडास? कुंडी पावसात की छपराखाली? या चारांची उत्तरे मिळाली की उपाय बहुधा आपोआप सुचेल. आणि तेच प्रश्न, थोड्या फरकाने, येत्या हंगामाचे खत खरेदी करण्यापूर्वी आपण आपल्या शेताच्या बांधावर उभे राहून स्वतःसही विचारावे.